समासातली पेन्सिल

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा मधूनमधून कुरकुरतो, पण चालतंय. तूही बरी असशील.

अण्णांची पुस्तकं एवढ्या लांब नेता येणार नाहीत, निदान स्कॅन करून पाठव, असं तू म्हणाली होतीस. तीनशे बारा झाली. खिडकीपाशी टेबल ओढलंय, वर मोबाइलचा स्टँड, पानावर काच. काच उचल, पान उलट, काच ठेव, फोटो. काही पानांवर माझा अंगठा आलाय, चालवून घे.

जन्मभर प्रेसमध्ये प्रुफं तपासलेला माणूस. घरच्या पुस्तकांतही पेन्सिल चालवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वेलांटी चुकली की समासात खूण. फोटो मोठा करून पाहिला, की ते शेजारीच खाकरल्यासारखं वाटतं. दोनदा मी चक्क "आले हं, अण्णा" म्हणाले. हसू नकोस.

त्यांच्या शेवटच्या वर्षातली पुस्तकं मी मागे ढकलत होते. काल घेतली. त्यांत चुका तशाच सोडल्यात. समासात नुसत्या तारखा, सगळ्या रविवारच्या, आणि पुढे: "थोरलीचा फोन नाही."

ताई, तू दर रविवारी फोन करायचीस. मी सांगायचे, "झोपलेत गं." ते जागे असायचे. आत जाऊन त्यांना म्हणायचे, "नाही आला." औषधं, भरवणं, अंग पुसणं, सगळं मी करायचे, आणि तुझा नुसता आवाज ऐकला की ते उशी सोडून उठून बसायचे. मला ते बघवेना. एकदाच म्हणून केलं. मग अंगवळणीच पडलं. ते तुझ्यावर रागावून गेले असं तुला वाटलं, मी वाटू दिलं.

शेवटच्या पुस्तकात, पान एकशे चाळीस, अक्षर पार वाकडं: "हॉलमधला फोन वाजतो, मला ऐकू येतं. धाकटी खोटं सांगते. विचारायचं नाही. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

खोडरबर घेऊन बसले होते. 'धाकटी'तला 'ध' अर्धा पुसला, पुढे हात चालेना.

ते पुस्तक स्कॅन केलं नाही. स्कॅनमधून मी काहीही पुसू शकते, तुला कळणारही नाही. म्हणून मूळ पुस्तकच सकाळी रजिस्टरने पाठवलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

माफी मागत नाही. ती मागायची होती तेव्हा ते पलीकडच्या खोलीत जागे होते.

उत्तर लिहिलंस तर तुझीच,
धाकटी