खांबाखालची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ

वायरमन लोकांनी मोबाईल कसा वापरायचा, त्याचे नियम लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलंय. पहिलाच नियम मी ठोकून दिला होता: फोन कायम अंगावर. कोण कुठल्या खांबावर आहे ते ऑफिसात दिसेल, मदत लवकर पोचेल. यात चुकीचं काय?

आज कामासाठी आगरदांड्याला गेले, तर आमचे हे खांबावर आणि फोन खाली, कुंपणाला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीत. सोबत्याचा फोनही त्याच पिशवीत. म्हणजे नियम माझ्याच घरातून मोडला.

उतरल्यावर मी झापलंच. हे म्हणाले, "वर असताना वाजला की हात खिशाकडे जातो गं."

"मग उचलू नका."

"दुसऱ्या कुणाचा न्हाय उचलत. तुझा असला की हात जातोच."

चिडायचं होतं, जमलं नाही. रोज दुपारी "जेवलात का?" विचारायला फोन करते कोण? मीच ना. ती पिशवी काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत्ताच नियम बदलला. फोन अंगावरच, पण खांबावरून उतरेपर्यंत तो वाजणार नाही. साहेब विचारतील, घरून फोन आला तर? तेही लिहून टाकलंय.

घरचे थांबतील.