तपासलेले आकडे

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे, कारण जिवंत माणसांपैकी कुणाला हे सांगायची माझी छाती नाही. एका रुग्णालयाच्या दोन इमारती, एक क्रांती चौकाजवळ आणि एक चिकलठाण्याला. त्यांच्यामधल्या काचेच्या तारेतून मी प्रकाशाचे एकेक कण पाठवते. त्यातून आकड्यांची गुप्त किल्ली बनते आणि रुग्णांचे कागद तिच्या कुलपात जातात. मधे कुणी चोरून पाहिलं तर आकडे बिघडतात. म्हणून दोन्ही टोकांनी थोडे आकडे उघडपणे ताडून बघायचे आणि ते जगाला कळले म्हणून लगेच टाकून द्यायचे. मी टाकले नाहीत. नव्या वसाहतींसाठी रस्ते खणतात, तार तुटते, पुन्हा जोडतात, प्रकाश वाटेतच विरतो. किल्ली थेंबथेंब यायची, मुदत तोंडावर आलेली. मी ताडलेले आकडे गुपचूप किल्लीत मिसळले.

दुष्काळात आपल्याकडे नळ आठ दिवसांनी यायचा. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांचं पाणी संडासात. काही टाकायला माझा हात अजून धजत नाही. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला कारखान्यात नेलंत. तुम्ही लोखंडी कड्या यंत्रात दाबून बघताय, दाबलेली कडी भंगाराच्या पेटीत टाकताय. मी एक उचलून फ्रॉकच्या खिशात घालते. तुम्ही माझं मनगट धरता.

"ठेव ती तिथंच."

"पण चांगली हाय की, अण्णा!"

"दिसती चांगली. तपासली म्हंजी गेली ती. उद्या गाडीत मोडली तर मेलेला माणूस मला इचारायला येणार नाय."

सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी लई रडले होते. येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत.

आता तीन आठवडे झाले, त्या तारेवरून माणसांचे आजार जातायत. कुणी ऐकत असेल तर किल्लीचा काही भाग त्याच्या हातात आहे, आणि तो मीच दिलाय. मला अन्न गोड लागत नाही, अण्णा, जीव नुसता टांगणीला लागलाय. काल रुग्णालयाच्या बाकावरच्या एका बाईनं हळूच विचारलं, "ताई, ह्ये माझ्या सासरी कळणार नाय ना?" मी म्हणाले, "नाही कळणार."

आज सगळं सांगून टाकायला आमच्या साहेबांना तीनदा फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत कापला. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. पण खरं सांगते, तुम्ही हयात असता तर हे तुमच्यापासूनही लपवलं असतं.