सतरा नंबरचा लूम

६ फेब्रुवारी २००७, मंगळवार

कल्याणच्या कॉन्व्हेंटमधली मधली सुट्टी. पाण्याच्या नळापाशी एक पायरी होती, तिथे मी आणि शमीम. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, माझ्यात पोळी आणि बटाटा. वासाची लाज म्हणून आई मला शाळेत मासळी द्यायची नाही. आम्ही काही न बोलता डबे बदलायचो. सिस्टर बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. शेहेचाळीस वर्षं झाली!

हे आठवायचं कारण, दुपारी तिचा फोन आला. ‘विनू’ नाही म्हणाली. ‘प्रोफेसरबाई’ म्हणाली.

‘कंपनीचा माणूस आमच्या व्यापाऱ्याकडे आला होता. सतरा नंबर कोण चालवायचा, विचारत होता.’

आणि फोन ठेवला.

७ फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही. चूक माझीच.

तीन वर्षं एकाच प्रश्नावर लिहितेय. परदेशात शर्ट विकणाऱ्या कंपनीला निजामपुऱ्यातल्या विणकराबद्दल जाब कोण विचारणार? तिच्या देशाचा कायदा इथे पोचत नाही, आपला तिथे पोचत नाही. येत्या २३ तारखेला आंतरराष्ट्रीय समिती मुंबईत बसणार आहे. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझी सगळी भिस्त अरशद या विणकराच्या जबानीवर; सतरा नंबरचा लूम, म्हणजे यंत्रमाग, तोच चालवायचा. शमीमच्या कारखान्यात मशीनच्या पट्ट्याला संरक्षक जाळी नव्हती, अरशदची दोन बोटं गेली. शमीमने त्याला काढलं नाही, कापडाची घडी घालायला बसवलं. मला कारखान्यात येऊ दिलं तेही तिनेच.

त्याचं नाव मी बदललं. गावही बदललं. पण पुरावा म्हणून त्याच्या कापडाच्या ताक्याच्या टोकावरची खूण तशीच छापली — लूम सतरा, दिवसपाळी. इथे प्रत्येक ताक्यावर विणकर पेन्सिलीने ती लिहितो. कापडात दोष निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. मीच तर लिहिलंय की दोष कापडात असला की माणूस सापडतो, माणसाला इजा झाली की कंपनी सापडत नाही!

आणि समितीसाठीचा तो मसुदा मीच कंपनीला पाठवला. उत्तराची संधी द्यायची असते ना, म्हणून. त्यांनी उत्तर दिलं नाही. माणूस शोधला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

निजामपुऱ्यात गेले. शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. ती शांतता कानाला सोसत नाही. शमीम सूत गुंडाळायच्या रिकाम्या बीमवर बसली होती. चहा विचारला नाही.

‘कंपनीने ऑर्डर बंद केली. म्हणे, असल्या कारखान्याशी आमचा संबंधच नाही. चोवीस लूम, विनू! व्यापारी बोलतो, सतरा नंबरवाल्याला काढ, मग बघू.’

‘काढलंस?’

‘अजून न्हाय. तू आधी तुझं ते अरशदचं पान काढ.’

दारापर्यंत आली, मग म्हणाली, ‘सगळ्या वर्गात हुशार तूच ना? एवढं कळलं न्हाय?’

११ फेब्रुवारी

पान काढलं तर हातात काय उरतं? नुसती तत्त्वं.

१४ फेब्रुवारी

कामतघरला, अरशदच्या खोलीवर. त्याला सगळं खरं सांगितलं. त्याची बायको अफीफा सुताच्या कांड्या भरत होती, हात थांबला नाही. ‘मॅडम, आपने तो बोला था नाम नहीं आएगा.’

‘नाम नहीं आया,’ अरशद म्हणाला. आणि हसला! ‘उंगली गई तब दो साल कोई नहीं आया. नंबर छपा तो दो दिन में आ गए. देखा, कितने तेज़ लोग हैं?’

‘आप हँसो. कल घर बैठोगे तब हँसना.’

मी विचारलं, पान ठेवू की काढू? तो म्हणाला रखो. ती म्हणाली निकालो. मग तिच्याकडे बघून म्हणाला, ‘ये जो बोले.’

१६ फेब्रुवारी

पान काढलं. समितीला कळवलं.

२१ फेब्रुवारी

शमीम घरी आली. रिक्षातून उतरून तडक आत, चपलासुद्धा न काढता.

‘काढलंस? मी बोलले आणि तू काढलंस?’

मग तिने सांगितलं. कंपनीचे तपासनीस वर्षातून एकदा यायचे. कधी येणार ते आदल्या दिवशी कळायचंच. ती शेजारच्या बाळारामकडून जाळ्या उसन्या आणायची, पट्ट्यांवर बसवायची. तपासणीनंतर संध्याकाळी परत. बाळारामकडे तपासणी असली की जाळ्या त्याच्याकडे. भिंतीवर कंपनीचे इंग्रजी नियम चिकटवलेत — कारखान्यात ते वाचता येणारी एकटी तीच.

‘अरशदची बोटं गेली त्याच्या आठ दिवस आधी जाळी होती, विनू. माझ्या हाताने मी ती परत पाठवली.’

पाणी दिलं. अर्धं प्यायली आणि गेली.

२२ फेब्रुवारी

सकाळी शमीमचा फोन. ‘माझं इंग्रजी अजून चालेल का गं?’

उद्यासाठी, विसरू नये म्हणून —
अरशदच्या जबानीची टेप अफीफाला. दुसरी प्रत ठेवायची नाही.
सतरा नंबरची खूण असलेला कापडाचा तुकडा अरशदला. ठेवायचा की जाळायचा, ते त्याने ठरवावं.
जाळ्यांबद्दलचं शमीमचं सहीचं निवेदन समितीला, तिच्या पूर्ण नावानिशी.
माझी पंधरा मिनिटं शमीमला.