तलावाचं पाणी, विहिरीच्या नावावर

मंगळवार, मार्च १९८३

आमच्या विहिरीले पाणी भरपूर आहे म्हणे! म्हणून आमच्या टोलीले, या वस्तीले, हापशी नाही. कोणाले विचारलं?

सकाळी जीपमधून विहिरींचं पाणी मोजणारा सरकारी साहेब आला. त्यानं विहिरीत तार सोडली. पाण्याले टेकली की हातातली डबी टुंऽ वाजते. वाजली, अन् यानं आकडा लिहून टाकला.

मी म्हटलं, "बाबू, परवा उन्हाळी धानाले तलावाचं पाणी सोडलं. विहीर बांध्यांच्या, धानाच्या वावरांच्या मधात आहे, तेच झिरपून वर आलं. आठ रोजानं ये, तळ दिसन."

"आजी, यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र कायले खोटं बोलन? तू कधी आला ते त्याले काय माहीत!"

हसला मेला. ते टुंऽ अजून कानात आहे. मीच कमी बोलली का? नाही. बोलायचं होतं सरपंचानं. तलावाचं पाणी त्यानंच सोडलं, अन् बाजूले उभा राहून चूप. त्याच्या घरी हापशी आहे ना!

उद्या त्याच्या दारी जातो. जवाब साहेबानं नाही, सरपंचानं द्यावा. अन् मले नाही, माह्या सुनेले द्यावा. मे महिन्यात विहिरीत उतरून वाटीनं घागर तीच भरते.