मारोतीकाकाच्या टपरीवरचा डायरेक्टर

४ डिसेंबर
आजपासून डायरी. कारण माझ्या आयुष्यात मोठ्या माणसांच्या भेटी फार झाल्या, पण पुरावा एकीचाही नाही.
लहान असताना मंचेरियल स्टेशनवर एका तेलुगू हिरोनं गर्दीतून नेमका मलाच हात केला. आई म्हणते, तो टीसी होता, तिकीट मागून राह्यला होता. नंतर जैनथच्या बसमध्ये एक क्रिकेटर माझ्या खांद्यावर झोपला. उतरताना त्यानं सोयाबीनचं पोतं उचललं. आता ओळख लपवणाऱ्याशिवाय एवढं नाटक कोण करतं?
संकल्प : पुढच्या भेटीत फोटो. काहीही होवो.

५ डिसेंबर
मावल्याच्या प्रगतीचं स्थळ आलंय. प्रगती! शाळेत पुढच्या बाकावरून मला गणित दाखवायची. आई म्हणे, तिनंच घरी तुह्यं नाव काढलं. पण ते लोक आधी चौकशी करतील. आठ दिवस नीट राह्य बाबू, टपरीवर बसू नको.
संकल्प : सकाळी सहाला उठणे. मोबाईलच्या दुकानात पुन्हा कामाला जाणे. प्रगतीसाठी काहीपण.

७ डिसेंबर
साडेदहाला उठलो. थंडीच तशी. दुकानातच निघालो होतो, वाटेत मारोतीकाकाकडे एकच चहा. तिथे एक माणूस. डोक्याला कानटोपी, डोळ्यावर काळा गॉगल. दोन्ही एकदम कोण घालतं? काकाला विचारलं, कोण हा? म्हणे, गिऱ्हाईक हाय, आखीन कोण? पण नजर चोरली. दुकान राहिलं.

८ डिसेंबर
गॉगलवाला पुन्हा. काकाशी हळू आवाजात बोलत होता. माझं नाव ऐकलं! मी जवळ जाताच दोघं कापसाच्या भावावर आले. म्हणजे डायरेक्टर. नवीन चेहरा शोधून राह्यला. घरी सांगितलं तर आई म्हणे, दुकानात गेलता का? विषय बदलते. हिलापण काहीतरी माहीत आहे.

९ डिसेंबर, संध्याकाळ
झालं! आज तो थेट माझ्याशी बोलला. हिंदीत. काम काय करतोस? मी विचार केला, साध्यासुध्या हिरोला आजकाल कोण विचारतं? बाकावर पाय ठेवून म्हटलं, आपण काम करत नाही, करवून घेतो. पितोस का? रोज. भांडणं? दोनदा आत जाऊन आलो. लग्न? म्हटलं, बायको हवी कशाला? आणि हसलो. काय हसलो!
काका सारखा खोकत होता. शेवटी त्यानं माझ्या पायावर गरम चहा सांडला. जळतो मेला. माझं भलं पाहवत नाही.
डायरेक्टरनं स्वतःच्या मोबाईलवर माझा फोटो काढला. मी काकाच्या कचऱ्यातली दारूची रिकामी बाटली हातात धरली, कॉलर वर. सोबत सेल्फी घेऊ म्हटलं तर नको म्हणाला. मोठे लोक असेच. जाताना मी जयभीम म्हटलं तर त्यानंही पटकन जयभीम केला. किती अभ्यास करून आलाय!

११ डिसेंबर
फोन नाही. कोणीतरी काडी घातली. काकाच असणार. त्याच्याकडचा चहा बंद.

११ डिसेंबर, दुपार
चहा घेतला. पण बोललो नाही.

१२ डिसेंबर
मावल्याहून निरोप आला. नको म्हणाले.
आई सांगत होती, मी ऐकत होतो. तो प्रगतीचा मामा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून काळा चष्मा. चौकशीला आलेला माणूस सोयरा हाय हे कळू नये म्हणून हिंदी. मारोतीकाकानं त्याला दोन्ही दिवस सांगितलं होतं, पोरगं जरा भटकं हाय, पण चहाशिवाय कशाला हात लावत नाही, डोळे मिटून पोरगी द्या. मामाला पटलंही होतं. सहज म्हणून माझ्याशी दोन शब्द बोलायला थांबला.
आई म्हणे, काऊन असा बोलला रे तू?
फोटो त्यांच्या सगळ्या घरानं पाहिला. प्रगती एकटी शेवटपर्यंत म्हणत होती म्हणे, हा हर्षदीप असा नाहीच, तो खोटं बोलून राह्यला. कोणी तिचं ऐकलं नाही.
पुरावा होता ना.