दोनशे आज्ञाधारक संशोधक

३ मार्च, सोमवार
कुमासीच्या आमच्या विद्यापीठात अखेर क्लस्टर आला. चाळीस कॉम्प्युटर एकत्र जोडलेले, कामं वाटून घेतात. संशोधकांना खुला करण्याआधी खोटी कामं पाठवून त्याचा दम बघायचा. प्रोफेसर अंपोन्सेम यांनी ही जबाबदारी माझ्यावर टाकली. सोबत डुफी. (मी मागितली नव्हती.) महिनाअखेर कॉम्प्युटर सेंटरचा प्रमुख ठरणार. आमच्या दोघांतून. म्हणजे मीच.
संकल्प: डुफीशी कामापुरतंच बोलायचं.

५ मार्च
डुफी बोललीच. म्हणे जुन्या मशीनची वर्षभराची नोंद बघू, माणसं कामं कधी पाठवतात ते पाहू, खोटी कामं तशीच बनवू. मी म्हटलं, अकरा वर्षं आहे इथे, माणसं ओळखतो मी. तर म्हणते, "मग नोंदीला का घाबरता, बॉस?"
बाई डोक्यात जाते.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी १.४५
प्रोग्रॅम तयार. दोनशे काल्पनिक संशोधक. प्रत्येक जण रोज चार कामं पाठवणार, ठरल्या वेळी, सातही दिवस. कटकट नाही, उशीर नाही. असे लोक खरे असते तर देश कुठे असता!
उद्या मांपाँगला मयत, आईच्या चुलतभावाची. (आमच्याकडे माणूस कधीही जावो, मयत शनिवारीच.) मयतीला नेसायचं काळं कापड इस्त्रीला द्यायचंय. निघताना माझं स्वतःचं एक मोठं काम जुन्या मशीनवर टाकलं. सोमवारी उत्तर तयार असेल.

१० मार्च
शनिवार-रविवार क्लस्टर अखंड चालला. एकही काम अडकलं नाही. डुफीला मुद्दाम दोनदा सांगितलं.

१२ मार्च
डुफीने नोंद काढलीच. आलेख माझ्या टेबलावर आपटला. आठवडाभर सपाट मैदान, शुक्रवारी दुपारी डोंगर, शनिवारी शून्य. म्हणाली, शनिवारी सगळे मयतीला जातात, म्हणून शुक्रवारी निघताना सगळे एकदम कामं ढकलतात.
मी म्हटलं, हा बेशिस्तपणा आहे. क्लस्टर बेशिस्तांसाठी नाही.
"मग कुणासाठी आहे? तुमच्या त्या दोनशेंसाठी? ज्यांच्या घरी कधी कुणी मरतच नाही?"
ऑफिसात सगळे फिदीफिदी हसले. सगळ्यांची नावं लिहून ठेवली आहेत.

१७ मार्च
अहवाल दिला: 'क्लस्टर कोणताही भार पेलू शकतो.' डुफीने सही करायला नकार दिला. बरंच झालं, कागदावर माझी एकट्याची सही शोभून दिसते. प्रमुखाच्या खोलीत पडदे निळे हवेत.

२४ मार्च, सोमवार
उद्घाटन. प्रोफेसरांनी फीत कापली. पाच दिवसांनी त्यांच्या मामांची मयत असूनही आले. मोठा माणूस.

२८ मार्च, शुक्रवार, दुपारी १.५२
प्रोफेसरांच्या मामांसाठी लवकर निघतोय, पुढच्या रांगेत खुर्ची मिळायला हवी. जाताना माझं मोठं काम क्लस्टरवर टाकलं. फोन बंद करतो. डुफी उगाच फोन करत बसते.

२९ मार्च, शनिवार
लिहायची इच्छा नाही.
काल अडीचला क्लस्टर बसला. सगळा. विद्यापीठातल्या निम्म्या संशोधकांची कामं गेली, आणि ते सगळे आज मयतीला हजर. प्रोफेसर लाल कापड नेसून घरच्यांच्या रांगेत बसलेले. एकेक जण उजवीकडून येणार, हात हातात घेणार, म्हणणार, "मामांचं वाईट झालं, प्रोफ. आणि क्लस्टर बंद आहे." मी साठपर्यंत मोजले. एकसष्टावा मी. प्रोफेसरांनी हात सोडला नाही. म्हणाले, "बोआदी, कोणताही भार, ना?"
मामांची बायकोसुद्धा माझ्याकडे बघत होती.

३१ मार्च, सोमवार
डुफी प्रमुख झाली. पडदे हवेतच कशाला म्हणाली, काढून टाकले.
मी गप्प बसणार नव्हतो. सगळ्यांसमोर म्हटलं, चूक चाचणीची नाही, शुक्रवारी गर्दी करणाऱ्यांची आहे. सुरुवात कुणी केली? नोंद काढा, नाव जाहीर करा!
डुफीने नोंद काढली. पहिलं काम शुक्रवारी एक वाजून बावन्न मिनिटांनी. बोआदी.
मग तिने जुन्या मशीनचीही काढली. वर्षातले सत्तेचाळीस शुक्रवार, पहिला बोआदी.
आता ती नवे खोटे संशोधक बनवते आहे. पहिल्याला माझं नाव दिलंय. नाव बदला म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या, बॉस. एवढा एकच खरा वाटतो."