ओंडक्याची अवस्था

प्रिय चिमण्या,

'माननीय साहेब' असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. काल-परवापर्यंत नाक पुसायला माझी ओढणी शोधायचास, तुला कसलं साहेब म्हणायचं.

ओढ्याकाठचा आपला ओंडका तुझ्या माणसांनी उचलला. 'पडलेले लाकूड हटवावे' असा वनखात्याचा आदेश, खाली तुझी झोकदार सही. पलीकडचा दुसरा सोमवारी जाणार म्हणे. अकरा वर्षं मी या दोन ओंडक्यांवरच्या बुरशीची नोंद ठेवतेय, हे ठाऊक नव्हतं असं सांगू नकोस. माझा अहवाल तुझ्याच टेबलावर येतो. मी पोचले तेव्हा नुसती ओली खाच उरली होती. गोमी सैरावैरा पळत होत्या, भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या उन्हात वळवळत होत्या. ओंजळी भरभरून पाल्याखाली सारत बसले. किती सारणार? उरलेल्या अळ्या मुंग्यांनी नेल्या.

बाबा जन्मभर वनरक्षक होते, निदान त्याची तरी चाड ठेवायचीस. तुला ओंडक्यापुढे उकिडवं बसवून सांगायचे, भिंतीलाच नाही, लाकडालाही कान असतात, हळू बोल. ती नारिंगी बुरशी खरंच कानांसारखी दिसायची. शाळेत मार खाल्लास की तू तिलाच जाऊन सांगायचास, मला नाही. तेव्हाही राग यायचा मला.

आता तुझा खुलासा आलाय. मेलेलं लाकूड आग धरतं म्हणून हटवलं, आणि ते मेलेलं आहे हे माझ्याच अहवालात आहे. काढून पाहिलं. खरंय. 'ओंडक्याची अवस्था' या रकान्यात अकरा वर्षं मी 'मृत' लिहीत आलेय, आणि खालच्या रकान्यात त्यात राहणाऱ्या एकशे चाळीस जीवांची यादी. माझंच चुकलं. म्हणून तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. तू खालचा रकाना वाचलाच नाहीस.

दुसऱ्या ओंडक्याचा अहवाल सोबत जोडलाय. त्याच रकान्यात या वेळी 'जिवंत' लिहून सही केलीय. खोटी नोंद म्हणून मला घरी बसवायचा अधिकार तुला आहे. पण त्याआधी अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन तपासायचं आणि स्वतःच्या हाताने शब्द खोडायचा, असा नियम आहे. तुला नियम फार आवडतात ना, मग सोमवारच्या आत जा. उकिडवा बस. त्याला अजून कान आहेत. त्यांच्यासमोर खोडून दाखव.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई